मुदत संपलेलं स्टेरॉइड

घरातल्या औषधांच्या डब्यात प्रेडनिसोलोनची अर्धी पट्टी, एखादी बीटामेथासोनची ट्यूब सापडतेच. मुदत उलटून दोन महिने झालेले असतात. चालेल का?

पाकिटावर नुसता महिना छापला असेल, तर औषध त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत ग्राह्य. नीट ठेवलेल्या कोरड्या गोळ्या दुसऱ्या दिवशी विषारी होत नाहीत. संपते ती त्यांच्या पूर्ण ताकदीची कंपनीने दिलेली हमी. पण ॲडिसन आजारात शरीर स्वतः पुरेसं कॉर्टिसॉल तयार करत नाही, तिथे ताकद घटलेली गोळी जिवावर बेतू शकते. दम्याच्या पंपाचंही तसंच, तिथेही पूर्ण ताकदीचा भरवसा हवा. द्रव औषधं लवकर बिघडतात. डोळ्यांचे थेंब बाटली उघडल्यापासून साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायचे, छापील तारीख पुढची असली तरी. त्यात जंतू शिरले, तर स्टेरॉइडमुळे डोळ्याची प्रतिकारशक्ती आधीच दबलेली असते.

खरं तर मला तारखेपेक्षा त्या उरलेल्या ट्यूबचीच जास्त धास्ती वाटते. गजकर्णावर ती चोळली की खाज थांबते, आणि बुरशी मात्र पसरत राहते. मुदतीतली ट्यूबसुद्धा हेच करते!

आणखी एक. रोज स्टेरॉइड घेणाऱ्यांनी गोळ्या जुन्या झाल्या म्हणून औषध अचानक बंद करू नये. आजच डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून नवी पट्टी आणा.