मुंबईचा पगार, पुण्याचा पगार आणि महिन्याची शिल्लक
(रिहे, ता. मुळशी, जि. पुणे येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही बोलावयास उभे आहोत. मंडळाने आम्हांस ‘नोकरी आणि स्थलांतर’ असा भारदस्त विषय दिला आहे. आम्ही बँकेतले कारकून. भारदस्त बोलणे आम्हांस साधत नाही, बेरीज-वजाबाकी साधते. तेव्हा आज एका कागदाची गोष्ट सांगतो.

आमच्या नात्यातला एक भाचा गेल्या वर्षी बी. कॉम. झाला. त्याला दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एक मुंबईत अंधेरीला, हातात ३३ हजार. दुसरे पुण्यात खराडीला, हातात २४ हजार. घरात आनंदीआनंद झाला आणि निकालही लागून गेला. तो आम्हांस म्हणाला, “मामा, तेहतीस मोठे की चोवीस, यात विचारायचे काय?” आम्ही म्हटले, “बाबा, पगार हा वहीच्या डावीकडचा आकडा. उजवी बाजू कोरी ठेवून बेरीज करतोस काय?” मग रविवारी दुपारी कागद घेऊन बसलो.

मुंबईला जाणे आपल्या भागाला नवे नाही. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव या तालुक्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत राबली. डबेवाल्यांत आजही याच मुलखाची माणसे अधिक. गिरण्यांच्या काळात एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने निजत, खानावळीत जेवत आणि उरलेले मनीऑर्डरने गावी धाडत. महागाईवर त्यांनी काढलेला तो उपाय होता. कुटुंब गावी, माणूस खोलीवर. परंतु त्या गिरणीतही आपल्या माणसाला विणखात्यात प्रवेश नव्हता. कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, तो विटाळेल म्हणून. आणि पगार बरा मिळे तो विणखात्यातच. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. शहर एकच, बाजारभाव एकच, पण हातात पडणारा पैसा मात्र वेगळा.

आता भाच्याचा कागद. हे आकडे त्याने मित्रांना विचारून आणलेले आहेत. तुमचे वेगळे येतील, रीत तेवढी बघा.

मुंबईच्या नोकरीसाठी डोंबिवलीला तिघांत मिळून एक घर, त्याच्या वाट्याचे भाडे ४,५०० रुपये. दोन वेळची मेस ४,०००. चहा-नाष्टा १,५००. लोकलचा पास आणि घाटकोपरहून अंधेरीपर्यंत मेट्रो मिळून २,०००. वीज, फोन १,२००. महिन्यातून दोनदा गावी येणे १,२००. कपडे, औषध, किरकोळ १,५००. एकूण १५,९००. शिल्लक १७,१००.

पुण्याच्या नोकरीसाठी चंदननगरला तिघांत मिळून घर, वाटा ३,५००. मेस ३,५००. नाष्टा १,२००. मोटारसायकलचा हप्ता ३,०००, पेट्रोल १,५००. वीज, फोन १,०००. गावी येणे ६००. किरकोळ १,५००. एकूण १५,८००. शिल्लक ८,२००.

बघा, आम्ही स्वतः चकित झालो. मुंबई महाग, मुंबई महाग असे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु एकट्या मुलाचा, वाटून राहणाऱ्याचा खर्च दोन्ही शहरांत जवळजवळ सारखाच आला. मुंबईत खोली महाग, पण लोकलचा पास स्वस्त. पुण्यात खोली स्वस्त, पण गाडीवाचून पान हलत नाही, आणि तिचा हप्ता पगाराच्या आधी दारात उभा. हप्ता हे पुण्याचे लपलेले भाडेच म्हणावयाचे.

इथे कोणी म्हणेल, रिहे पुणे जिल्ह्यातच आहे, तर पोराने घरून जावे. बंधूंनो, घोटावडे, माण करीत हिंजवडी गाठणे वेगळे आणि सारे शहर ओलांडून खराडी गाठणे वेगळे. जिल्हा आपला असला म्हणून नोकरी घरची होत नाही. उलट त्याला तिसरा एक पर्याय होता, पिरंगुटच्या कारखान्यात १८ हजारांचा, ज्याला घरी कोणी मोजतच नव्हते. पेट्रोल २,०००, फोन ५००, किरकोळ १,५००, शिल्लक १४,०००! भाचा म्हणाला, “मामा, जेवण तर घरचंच.” आम्ही म्हटले, घरचे जेवण फुकट असते हे तुला कोणी सांगितले? तांदूळ शेतातला असला तरी लावणी कोणी केली, आणि पहाटे पाचला उठून डबा कोण करील? आईचे श्रम हिशेबात शून्य धरावयाची आपली फार जुनी सवय आहे. पुण्यातल्या मेसचे ३,५०० तिथेही मांडले तेव्हा शिल्लक १०,५०० झाली. तरीही खराडीपेक्षा ती जास्तच आहे.

मग आम्ही दुसऱ्या पानावर तास मांडले. डोंबिवलीहून अंधेरी, दार ते दार, जाऊन-येऊन चार तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १०० तास. चंदननगरहून खराडी रोजचा एक तास, म्हणजे २५. फरक ७५ तासांचा. मुंबईची शिल्लक ८,९०० रुपयांनी जास्त होती, तिला ७५ ने भागा; तासाला ११९ रुपये पडतात. पोराला बँकेची परीक्षा द्यावयाची आहे. लोकलमध्ये उभ्याने अभ्यास करणारे आम्ही पाहिले आहेत, त्यांना आमचा प्रणाम, पण सर्वांना ते जमत नाही. घाटकोपरलाच राहिले तर तास वाचतात, पण भाडे आवाक्याबाहेर जाते. मुंबईत माणूस भाडे एक तर पैशांत भरतो, नाही तर तासांत.

विद्यार्थ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. सरकारी कागदावर ही दोन्ही शहरे एकाच तोलाची आहेत. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यात सातव्या वेतन आयोगाच्या दरांनी मुंबई आणि पुणे दोन्ही ‘एक्स’ वर्गात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ मध्ये सुरू झाली. तिच्यातही मुंबई आणि पुण्यासाठी एकच रक्कम ठरली, वर्षाला ६०,०००. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. निवासाच्या २०,००० ला बाराने भागा, महिन्याला १,६६७ रुपये होतात. त्यात कोणत्या शहरात काय मिळते हे इथे बसलेल्या मुलांनीच सांगावे. तरी अर्ज जरूर करा. योजना माहीत नाही म्हणून पैसे सोडून देणारी घरे आम्ही काउंटरवरून पाहतो आणि जीव तुटतो.

आणखी एक चूक शिकलेली माणसेही करतात. वर्तमानपत्रात महागाईचा निर्देशांक येतो. एका शहराचा आकडा मोठा दिसला की ते शहर महाग, असे धरून चालतात. तसे नसते. निर्देशांक हा त्या-त्या शहराची आधारवर्षाशी तुलना करतो. तो वाढ सांगतो, पातळी सांगत नाही. दोन शहरांची एकमेकांशी तुलना करावयाची तर कागद आपला आपणच मांडावा लागतो.

भाच्याने शेवटी मुंबई घेतली. धाकट्या बहिणीचा नर्सिंगचा प्रवेश झाला होता, तिच्या फीला महिन्याचे १०,००० बाजूला पडणे जरुरीचे होते, आणि ८,२०० त ते बसत नव्हते. पिरंगुटच्या १०,५०० त जेमतेम बसले असते, पण तिथे पुढे वाढ नाही असे त्याचे मत पडले. ते मत चूक होते असे आम्ही म्हणणार नाही.

चार महिन्यांनी तो वही घेऊन आला. १७,१०० उरावयाचे तिथे उरले ११,६००. साडेपाच हजार कुठे गेले? रविवारी संध्याकाळी मेस बंद, बाहेरचे खाणे १,२५०. ऑफिसातले वाढदिवस आणि लग्नाची वर्गणी ८००. वडील आजारी पडले म्हणून जास्तीच्या फेऱ्या १,२००. आणि सर्वांत मोठा आकडा, २,२५०, भाड्याचा. तिघांतला एक जण सोडून गेला आणि ४,५०० चे ६,७५० झाले.

आम्ही विचारले, मग लहान जागा का नाही पाहिली? तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, “पाहिली ना मामा. दोन ठिकाणी जमत आलं होतं. एजंटनं आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी फोन, मालक नाही म्हणतायत.”

आम्ही काही बोललो नाही, कारण हे आम्हांस नवे नव्हते. नोकरीला लागलो तेव्हा पुण्यात आम्हीही खोली शोधली होती. पहिल्या घरी आडनाव विचारले, दुसऱ्या घरी गाव विचारून मग आडनाव विचारले. तिसऱ्या घरी काहीच विचारले नाही, पण भाडे शेजारच्या खोलीपेक्षा ८०० रुपयांनी जास्त सांगितले. आम्ही ते मुकाट्याने दिले. वहीत त्या ८०० ला कोणते नाव द्यावे हे आम्हांस आजतागायत ठरवता आलेले नाही.

बाबासाहेबांचे बडोद्याचे प्रकरण आपण सर्व जाणता, पण आज ते नोकरीसाठी शहर बदलणाऱ्याच्या नजरेने आठवा. सप्टेंबर १९१७. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होतो. नोकरी आहे, पगार आहे, पण राहावयास जागा नाही. एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. ओळखीच्या दोन मित्रांकडे विचारले, दोघांनीही अडचण सांगितली. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. दीड रुपया त्यांना भारी होता, तरी तो देण्याची त्यांची तयारी होती. जागा पैशावाचून गेली नाही.

पुढे त्यांनी काय केले तेही पाहावे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले ते सकाळच्या वेळेचे, मुलाला दिवसा नोकरी करता यावी म्हणून. वसतिगृह म्हणजे भाडे कमी करणे, आणि सकाळचे कॉलेज म्हणजे तास वाचवणे. भाच्याच्या कागदावरच्या दोन्ही रकान्यांवर त्यांनी तेव्हाच काम केले होते.

म्हणून मंडळापुढे आमची एक मागणी आहे, आणि ती भाषणापुरती नाही. आपल्या रिहे खोऱ्यातली किती कुटुंबे मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे, पिंपरी-चिंचवडला आहेत, याची एक वही करावी. कोणाकडे एक मुलगा वा मुलगी दोन महिने राहू शकेल, कोणाच्या इमारतीत जागा रिकामी होते, कोणता मालक आडनाव विचारत नाही. एवढे तीन रकाने पुरेत. मुलींसाठी ही वही अधिक निकडीची आहे, कारण मुलीला जागा मिळाली नाही की घरचे नोकरीच सोडावयास लावतात. जागा घ्याल तेव्हा करार नोंदवून घ्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. अनामत रकमेची पावती घ्या. तोंडी व्यवहारात बुडालेली अनामत आम्ही पुष्कळ पाहिली आहे.

दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाने भगवंतांना विचारले होते, आम्ही संसारी माणसे, आम्हांला जमेल असे काही सांगा. भगवंतांनी त्याला कष्टाने मिळवणे, मिळवलेले राखणे आणि चांगल्यांची संगत सांगितली. आणि चौथी गोष्ट सांगितली समजीविता, म्हणजे तराजू धरणाऱ्याप्रमाणे जमा आणि खर्च तोलून राहणे. आमच्या समजुतीने तिसरी आणि चौथी गोष्ट जोडीने येते. डोंबिवलीत आपला एखादा माणूस असता, तर त्या वहीतले २,२५० वाचले असते.

भाच्याच्या घरी आता लग्नाची बोलणी चालू आहेत. त्यामुळे नवा कागद मांडावयाचा आहे. त्यात भाडे तिघांत वाटले जाणार नाही, डोंबिवलीत सबंध १३,५०० आणि चंदननगरला सबंध १०,५००. सून शिकलेली असेल तर तिच्या नोकरीचे शहर कोणते, हा रकाना सर्वांत आधी येईल. तो विचारण्याची पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही, तेव्हा आम्ही मुलीकडच्यांना तेच विचारणार आहोत.

ज्यांच्या हातात दोन नेमणुका आहेत, किंवा एकच आहे आणि मन द्विधा आहे, त्यांनी पुढच्या रविवारी वंदनेनंतर यावे. येताना पगाराचे पत्र, कोरा कागद आणि पेन्सिल आणावी. आई-वडिलांनाही आणावे. 

जय भीम. नमो बुद्धाय.