भीती अंगात मुरते तेव्हा

समता कॉलोनीत शनिवारी संध्याकाळी एवढी माणसं मराठी ऐकायला जमतात, हे पाहून बरं वाटलं. विषय मात्र जड आहे. तरी सोप्या शब्दांत बोलू या.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती विसर्जन करून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं थकून झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे दहा हजार माणसं गेली.

जी वाचली, त्यांच्यातल्या कित्येकांना पुढे पक्क्या छताखाली झोपण्याची हिंमत होईना. जमीन कधीच शांत झाली होती, पण अंग शांत होत नव्हतं. डॉ. मोहन आगाशे आपल्याला ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना म्हणून माहीत आहेत. ते मानसोपचारतज्ज्ञही आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पात त्यांनी या भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास केला. म्हणजे हा काही परदेशातला, फक्त युद्धावरून परतलेल्या गोऱ्या सैनिकांचा आजार नाही.

या आजाराला 1980 साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने पीटीएसडी हे नाव दिलं. आपण आघातोत्तर तणाव म्हणू. प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा उभा राहतो, झोप मोडते, माणूस दचकतो, त्या जागा आणि ती माणसं टाळतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, असं आपण म्हणतो. इथे माणूस पाणीसुद्धा फुंकून पितो, आणि आपण असं का करतो हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही.

आता शरीरात काय होतं ते पाहू. धोका दिसला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते आणि तो क्षण आठवणीत खोल कोरला जातो. त्यामागून कॉर्टिसॉल येतं. त्याचं एक काम असं की धोका टळल्यावर ही सगळी धावपळ थांबवायची. अ‍ॅड्रेनलिन घंटा वाजवतं आणि कॉर्टिसॉल ती बंद करतं, असं समजा.

रेचल येहुदा या संशोधक मानसशास्त्रज्ञ. त्यांनी व्हिएतनाम युद्धातले सैनिक आणि नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेली माणसं यांच्यातलं कॉर्टिसॉल मोजलं. एवढा ताण म्हणजे कॉर्टिसॉल जास्त असणार, अशी सर्वांची अपेक्षा होती. पीटीएसडी झालेल्यांत ते उलट कमी निघालं. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे सारखं आढळलं नाही, पण एक नवा प्रश्न उभा राहिला: घंटा वाजली, पण ती बंद करणारा हातच अपुरा पडला असेल का?

याला जोड मिळाली बंगळुरूहून. तिथल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर प्रयोग केले. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधाच्या लेखकांत शंतनु जाधव हे एक नाव आहे. उंदराला फक्त एकदाच, दोन तास जखडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मेंदूत फरक दिसला नाही. दहा दिवसांनी पाहिलं, तर भीती सांभाळणाऱ्या अमिग्डाला या भागातल्या पेशींवर नव्या जोडण्यांच्या जागा उगवल्या होत्या, आणि उंदीर जास्त घाबरट झाले होते. पुढे 2012 साली याच प्रयोगशाळेने दाखवलं की ताणाच्या आधी उंदरांना कॉर्टिसॉलसारखंच संप्रेरक दिलं, तर हा उशिरा येणारा परिणाम टळतो.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. तरी एक गोष्ट घरी घेऊन जा. ‘तेव्हा तर ठीक होता, आता महिन्याने काय नाटक लावलंय?’ असं आपण सहज बोलून जातो. जखम उशिरा वर येऊ शकते.

मग तोच अपघात, आणि एकालाच त्रास का? 2002 साली अमेरिकेत जुळ्या भावांचा अभ्यास झाला. एक भाऊ युद्धावर गेलेला, दुसरा घरी राहिलेला. पीटीएसडी झालेल्या सैनिकांच्या मेंदूतला आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस लहान होता. पण घरी राहिलेल्या जुळ्या भावाचाही तो लहानच निघाला. म्हणजे काही बाबतीत जमीन आधीपासूनच भुसभुशीत असते. त्यात त्या माणसाचा दोष काय? उंची कमी म्हणून आपण कोणाला दोष देतो का?

हे रायपूरमध्ये बोलायला कारण आहे. 6 एप्रिल 2010 रोजी ताडमेटल्याला 76 जवान मारले गेले. बस्तरमध्ये जखमी झालेले जवान उपचारांसाठी याच शहरात आणले जातात. त्या जंगलातल्या गावकऱ्यांनीही खूप पाहिलं आहे. आणि रस्त्यावरचे अपघात, घरातली मारझोड यांना तर जंगल लागत नाही. पायातली गोळी एक्स-रेमध्ये दिसते. पीटीएसडी अजून कुठल्याच रक्तचाचणीत दिसत नाही, म्हणून आपण ‘मन घट्ट कर’ म्हणून मोकळे होतो.

मग करायचं काय? पहिल्या दिवसांत माणसाला सगळं पुन्हा सांगायला भाग पाडू नका. एकाच बैठकीत सगळं बोलून घ्यायची पद्धत उपयोगाची ठरलेली नाही. सोबत द्या, जेवणाची आणि झोपेची घडी बसवा, बोलला तर ऐका. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. बहुतेक माणसं हळूहळू सावरतात. महिन्यानंतरही त्रास टिकला, तर डॉक्टर गाठा. एम्स रायपूरमध्ये मानसोपचार विभाग आहे, आणि टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

उपचारात जुनी आठवण पुसली जात नाही. सुरक्षित जागी, जाणत्या माणसासोबत त्या आठवणीला पुन्हा पुन्हा सामोरं गेलं की मेंदू तिच्या शेजारी दुसरा धडा लिहितो: तो आवाज तेव्हा धोका होता, आता नाही. ज्या मेंदूत भीतीच्या जोडण्या उगवतात, तोच मेंदू हेही शिकतो. आजाराचं मूळ शरीरात आहे, याचा अर्थ तो कपाळी लिहिलेला आहे असा होत नाही.

घरात असं कोणी असेल, तर आज त्याला ‘विसरून जा’ म्हणू नका. ‘झोप लागते का रे?’ एवढंच विचारा, आणि तो काय सांगतो ते ऐका.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.