चंचल मूल आणि त्याची शाळा

(डिचोली येथे शिक्षक, पालक व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

चतुर्थीच्या दिवसांत डिचोली तालुक्यातील कोणत्याही वाड्यावर आरतीच्या वेळी घुमट वाजविणाऱ्या मुलांकडे पाहावे. त्यांत एखादा दहा-अकरा वर्षांचा मुलगा असा आढळतो की, तासभर त्याचा हात ठेक्यावरून ढळत नाही, शामेळाची साथ सुटत नाही आणि घामाघूम झाला तरी तो जागचा उठत नाही. हाच मुलगा शाळेत गणिताच्या तासाला दहा मिनिटेही बाकावर स्थिर बसत नाही. पेन्सिल खाली पडते, ती उचलता उचलता शेजाऱ्याची वही ओढली जाते, प्रश्न पुरता विचारला जाण्यापूर्वीच उत्तर तोंडून बाहेर पडते आणि घरी जाताना दप्तर वर्गातच राहते. मग गावात त्याचा लौकिक 'उपद्व्यापी' असा होतो. "घुमट वाजवायला बरे लक्ष लागते, अभ्यासाला तेवढे लागत नाही," हे वाक्य त्याच्या आईवडिलांना शिक्षकांकडून आणि त्याला आईवडिलांकडून ऐकावे लागते. ते वरकरणी बिनतोड वाटते. वैद्यकशास्त्राने गेल्या सव्वाशे वर्षांत जे जाणले आहे ते ध्यानात घेतले, तर नेमके हेच वाक्य चुकीचे ठरते.

या स्थितीला वैद्यक 'अवधान-न्यूनता व अतिचंचलता' म्हणते. इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले 'एडीएचडी' हे नाव आता शहरांतून सर्रास ऐकू येते. नावात 'न्यूनता' असली तरी या मुलांपाशी लक्ष कमी असते असे नाही. लक्षावरची हुकमत कमी असते. जे काम ताल, हालचाल, नावीन्य वा तात्काळ फळ देते तेथे त्यांचे लक्ष आपोआप जडते, इतके की हाक मारलेली ऐकू येत नाही. जे काम मंद व लांबणीचे असते तेथे ते लक्ष इच्छा असूनही टिकवता येत नाही. इतर मुलांना जे थोड्याशा प्रयत्नाने साधते, त्यासाठी या मुलांना दुप्पट शक्ती खर्चावी लागते; आणि ती खर्चूनही पदरी बोलणीच येतात.

याचे कारण मेंदूच्या घडणीत आहे. बेत आखणे, थांबणे, वेळेचे भान ठेवणे ही कामे मुख्यत्वे कपाळामागील मेंदूच्या भागाकडे असतात. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या बाह्य आवरणाची वाढ मोजली गेली. सर्वसाधारण मुलांत ती ज्या टप्प्यावर साडेसात वर्षांच्या सुमारास पोहोचते, तो टप्पा या मुलांनी साडेदहाच्या सुमारास गाठला. म्हणजे वाढीचा क्रम तोच, काळ मात्र सुमारे तीन वर्षांनी मागे. चौथीतील मुलाकडून पहिलीतील मुलाइतकाच संयम मिळतो याचा उलगडा यातून काही अंशी होतो. ही घडण बहुतांशी आनुवंशिक असते. मूल डॉक्टरांकडे नेले असता बाप हळूच म्हणतो की, आपणही लहानपणी असेच होतो. त्याच्या म्हणण्यात पुष्कळदा तथ्य असते. आईने लाड केले म्हणून वा घरात शिस्त नाही म्हणून ही स्थिती उद्भवत नाही.

ही काही अलीकडच्या काळाने निर्माण केलेली कल्पना नव्हे. १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने अवधान न टिकणाऱ्या व्यक्तींचे वर्णन लिहून ठेवले. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या वैद्यांपुढे अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. मात्र त्याने या गोष्टीस नैतिक संयमातील दोष मानले, आणि तो ठपका पुढे बराच काळ मुलांच्या माथी राहिला. २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात ही स्थिती मज्जासंस्थेच्या विकासाशी निगडित म्हणून नोंदली आहे.

आपल्याकडे अशी मुले किती, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २००७ साली मांडलेल्या हिशेबात शंभर मुलांमागे सुमारे पाच असे प्रमाण आले. चाळीस मुलांच्या वर्गात दोन, असे धरण्यास हरकत नाही. भारतापुरते पाहता, मुलांच्या मज्जाविकासातील अडचणींची एक मोठी पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तीत तपासणी झाली होती. दृष्टी, श्रवण, वाचा, अपस्मार, अध्ययन-अक्षमता, अतिचंचलता इत्यादी नऊ प्रकारांपैकी निदान एक अडचण जवळजवळ दर आठ मुलांमागे एकास आढळली. डिचोली तालुका ज्या जिल्ह्यात मोडतो तोच जिल्हा या पाहणीत होता. तेव्हा हे परक्या मुलखातले दुखणे आहे असे कोणी समजू नये.

मुलींच्या बाबतीत फसगत अधिक होते. पुष्कळ मुली धावत नाहीत, ओरडत नाहीत. खिडकीबाहेर पाहत शांत बसतात. त्यांना कोणी उपद्व्यापी म्हणत नाही, 'मठ्ठ' म्हणतात, आणि त्यांची तक्रार कोणापर्यंत जातच नाही. कित्येक स्त्रियांना आपल्या आयुष्यभराच्या विसराळूपणाचा अर्थ स्वतःच्या मुलाच्या तपासणीवेळीच प्रथम उमगतो.

१९९० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांत, प्रथम स्वमग्न व्यक्तींच्या चळवळीतून, एक निराळा विचार पुढे आला. झाडे एका जातीची नसतात तसे मेंदूही एका साच्याचे नसतात. वेगळ्या घडणीच्या मेंदूला सरसकट 'बिघडलेला' म्हणू नये, असे त्याचे सार. या वेगळेपणाला 'न्यूरोडायव्हर्जन्स' असा शब्द रूढ झाला आहे. मराठीत 'मेंदूची वेगळी घडण' म्हटले तरी अर्थ पोहोचतो. या विचाराचा विपर्यासही होऊ शकतो. वेगळेपण म्हणजे निव्वळ देणगी, त्यास साहाय्य नकोच, असे कोणी मानले तर ते मुलाला पाण्यात सोडून काठावरून कौतुक करण्यासारखे होईल. अशा मुलांना अपघात व दुखापती अधिक होतात, शाळा सुटण्याचा संभव अधिक असतो, आणि मोठेपणी खिन्नता व व्यसन यांचा धोकाही वाढतो. वेगळेपण मान्य करणे आणि त्रास कमी करणे, ही दोन्ही कामे बरोबरीने करावी लागतात.

सर्वांत मोठी हानी मात्र मेंदूच्या घडणीपेक्षा वर्षानुवर्षांच्या हेटाळणीने होते. रोज चार वेळा 'तू वाईट आहेस' ऐकलेले मूल सातवी-आठवीपर्यंत ते खरे मानू लागते. छडीने लक्ष वाढत नाही, भीती वाढते, आणि भ्यालेले मूल आणखी चुकते. शिवाय हा आता कायद्याचाही विषय आहे. गोवा बाल कायदा, २००३ याने राज्यातील शाळांत शारीरिक शिक्षेस बंदी घातली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. वर्गापुढे रोज त्याच मुलाचे हसे करणे हे त्या दुसऱ्या सदरात येऊ शकते, याची जाणीव शिक्षकवर्गात अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

प्रत्येक चंचल मुलास हे नाव चिकटविणेही तितकेच घातक होय. ऐकू कमी येणे, चष्म्याची गरज, रक्तक्षय, अपुरी झोप, अपस्माराचे सौम्य झटके यांनीही मूल बेचैन वा हरवल्यासारखे दिसते. घरातील दुःखानेही दिसते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा या तालुक्यातील ट्रकवाल्यांच्या घरांत हप्ते थकले. अशा घरातील मुलाचे शाळेत लक्ष लागले नाही तर त्याचे कारण मेंदूत शोधण्याची घाई करू नये. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वीची असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत, घर व शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसावीत आणि त्यांनी मुलाच्या जगण्यात खरा अडथळा यावा, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. रक्ताच्या चाचणीने वा मेंदूच्या छायाचित्राने हे निदान होत नाही. आईवडील आणि शिक्षक यांनी सांगितलेली हकीकत हाच त्याचा पाया.

देवळात गाऱ्हाणे घालणे वा दृष्ट काढणे यांत कोणाचे नुकसान नाही. परंतु त्यावर विसंबून तीन-चार वर्षे दवडली जातात, ते नुकसान भरून निघत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी व शाळांतून तपासणी होते, आणि त्यातील तीस बाबींत अतिचंचलतेचाही समावेश आहे. पथक शाळेत येईल तेव्हा केवळ वजन-उंची करून त्यास निरोप देऊ नये. वर्गशिक्षिकेने अशा मुलाविषयी आवर्जून बोलावे. बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्था ही शासकीय संस्था आहे. डिचोलीहून पणजीपर्यंत कदंबची बस आणि पुढे बांबोळी, एवढाच तो प्रवास. पण 'वेड्यांचे इस्पितळ' या जुन्या नावाच्या धाकाने कित्येक कुटुंबे तो करीत नाहीत. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेली 'संगाथ' ही संस्थाही बालविकास व मानसिक आरोग्य या क्षेत्रांत काम करीत आली आहे.

साहाय्य देणारा योग्य आहे की नाही, हे पालकांना कसे कळावे? पहिल्या भेटीतच पुष्कळसे कळते. चांगला समुपदेशक मुलाच्या देखत त्याच्या खोड्यांची यादी मागत नाही. त्याला काय आवडते, काय जड जाते, हे मुलालाच विचारतो. मुलाचे पाय हलले तर तो हलू देतो. मूल 'इतरांसारखे करून देतो' असे वचन तो देत नाही, कारण ते कोणासही शक्य नाही. पाच महिन्यांत पूर्ण गुण असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून दूर राहावे. लहान मुलांच्या बाबतीत, सहा वर्षांखाली तर विशेषेकरून, आधी आईवडिलांनाच वागणुकीचे शिक्षण दिले जाते: सूचना एका वेळी एकच द्यावी, जवळ जाऊन द्यावी, आणि जमलेल्या गोष्टीची दखल तत्काळ घ्यावी.

औषधाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. मिथाइलफेनिडेट हे औषध दीर्घकाळ अभ्यासले गेलेले असून अनेक मुलांना त्याने स्पष्ट लाभ होतो. त्याने भूक व झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते, आणि ते तज्ज्ञाच्या चिठ्ठीविना घेता येत नाही. औषध द्यावयाचे की नाही, हे डॉक्टर व पालक यांनी, आणि मूल मोठे असल्यास त्यालाही विचारून ठरवावे. औषध घेतले म्हणजे आईवडील हरले असे नाही. न घेतले म्हणजे ते अडाणी असेही नाही.

शाळेला खर्च न करता बरेच करता येते. मुलास दाराजवळच्या नव्हे तर फळ्यासमोरच्या बाकावर बसवावे. वीस गणिते एकदम न देता पाच-पाच द्यावी. गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहावा व वहीत उतरला की नाही ते पाहावे. हजेरीपट कार्यालयात नेणे, फळा पुसणे, घंटा देणे ही कामे त्याच्याकडे सोपवावी. शिक्षा म्हणून मधल्या सुट्टीत मात्र कधीही कोंडून ठेवू नये, कारण धावण्याची गरज त्यालाच सर्वांत अधिक असते. परीक्षेतील सवलतींसाठी मुख्याध्यापकांकडे वेळेवर, शक्यतो वर्षारंभीच, चौकशी करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत अध्ययन-अक्षमता व स्वमग्नता आहेत, अतिचंचलतेचे स्वतंत्र नाव नाही; म्हणून जोडीला अध्ययन-अक्षमता आहे काय, याची तपासणी करून घेणे अगत्याचे ठरते. दोन्ही एकत्र आढळण्याचे प्रमाण बरेच आहे.

तपासणीस जाण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. तीत एका बाजूस घरचे आणि दुसऱ्या बाजूस शाळेचे लिहावे: मूल केव्हा अडखळले, त्या आधी काय घडले होते, किती झोपले होते, आणि कोणत्या कामात ते रमले. ही शेवटची नोंद बहुधा कोणी करीत नाही; घुमटाची गोष्ट तीत अवश्य यावी. ज्यांना एवढ्यात कोठे जाणे शक्य नाही त्यांना १४४१६ या टेली-मानसच्या निःशुल्क क्रमांकावर बोलता येते. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर सुरू आहे आणि रात्रीअपरात्रीही तेथे फोन उचलला जातो.