उरलेल्या रसाचा दगड
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि "कॉम्प्युटर सोडून काहीही बोल" अशी अट घातली. म्हणून आज मी एका दगडाबद्दल बोलणार आहे. गाडी शेवटी कॉम्प्युटरवर येईलच, त्याला माझा इलाज नाही.

या दगडाचं नाव पेग्मटाइट. आपण वाढलो ती जमीन काळ्या बेसॉल्टची. लाव्हा जमिनीवर पसरला, भराभर थंड झाला, म्हणून त्याचे कण भिंगाशिवाय दिसणार नाहीत इतके बारीक. पेग्मटाइट याच्या अगदी उलट. त्यातले स्फटिक बोटाएवढे, हाताएवढे, कधी माणसाहूनही मोठे. अमेरिकेत साउथ डकोटामधल्या एटा खाणीत स्पॉड्युमिन या खनिजाचे बारा मीटरहून लांब स्फटिक मिळाले होते. म्हणजे जवळजवळ चार मजली इमारत!

हे घडतं कसं? जमिनीखाली खोलवर ग्रॅनाइटचा शिलारस गोठत असतो. आधी तयार होणारी खनिजं आपल्या रचनेत बसतील तेवढीच मूलद्रव्यं उचलतात. लिथियम, बेरिलियम, बोरॉन, टँटलम यांना तिथे जागा मिळत नाही. ती उरलेल्या रसात साठत जातात, सोबत पाणीही साठतं. शेवटी हा रस खडकांच्या भेगांमध्ये शिरून गोठतो.

फार सावकाश थंड झाल्यामुळे स्फटिक मोठे होतात, अशी पूर्वी समजूत होती. पण काही पेग्मटाइट बऱ्यापैकी लवकर थंड झाले असावेत, असं आता अभ्यासक मानतात. पाणी, बोरॉन, फ्लोरीन यांच्यामुळे रस पातळ राहतो, अणूंना सहज हालचाल करता येते आणि स्फटिक मोजक्याच ठिकाणी धरायला लागतात. संख्या थोडी, म्हणून वाढायला जागा भरपूर. एका बाकावर चौघं बसलेल्या आपल्या वर्गाला हे लगेच पटेल.

पेग्मटाइटमध्ये मुख्यतः तीन खनिजं असतात: फेल्डस्पार, क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, आणि अभ्रक. फेल्डस्पार टाइल्स आणि चिनी मातीच्या भांड्यांना लागतो. काही ठिकाणी दुर्मीळ खनिजंही मिळतात. स्पॉड्युमिनमधून बॅटरीचं लिथियम निघतं, तर टँटलम मोबाइलमधल्या चिमुकल्या कपॅसिटरमध्ये जाऊन बसतं.

आता याची किंमत. ती समजायला दोन गावं पुरेत.

पहिलं, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधलं स्प्रूस पाइन. तिथे आधी अभ्रक आणि फेल्डस्पारसाठी खाणी खणल्या गेल्या. गारगोटीला फारसं कुणी विचारत नव्हतं. पुढे कॉम्प्युटर चिप आल्या. चिपसाठी सिलिकॉन 1,414 अंश सेल्सिअसला वितळवावं लागतं, आणि ते ज्या मुशीत वितळवतात तिच्यातली जराशी अशुद्धीसुद्धा सगळा माल बिघडवते. अशा मुशी करण्याइतकं शुद्ध क्वार्ट्झ जगात फार थोड्या ठिकाणी मिळतं, आणि त्यात स्प्रूस पाइनचा क्रमांक वरचा. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन चक्रीवादळाने तिथल्या खाणी बंद पडल्या, तेव्हा जगभरच्या चिप उद्योगाचं लक्ष या छोट्या गावाकडे लागलं होतं.

दुसरं आपल्याच देशातलं, झारखंडमधलं कोडरमा. जुन्या इस्त्रीची कॉइल ज्या चकचकीत पापुद्र्यावर गुंडाळलेली असायची, तो अभ्रक. वीज अडवतो आणि उष्णता सोसतो, म्हणून दुसऱ्या महायुद्धात रेडिओ आणि विमानांच्या यंत्रणांसाठी कोडरमाच्या अभ्रकाला प्रचंड मागणी होती. पुढे पर्यायी पदार्थ आले, 1980 च्या वनसंरक्षण कायद्यानंतर खाणकामावर बंधनं आली आणि खाणी एकेक करून बंद पडल्या. लोक मात्र तिथेच राहिले. आज कित्येक कुटुंबं जुन्या ढिगाऱ्यांतून अभ्रकाचा चुरा वेचतात. त्याला तिकडे 'ढिबरा' म्हणतात. वेचणाऱ्यांत लहान मुलंही असतात, आणि पोखरलेली माती कोसळून मुलांचे जीव गेलेले आहेत. हाच चुरा हातोहाती विकला जात मोटारींच्या रंगात, लिपस्टिकमध्ये, आयशॅडोमध्ये चमक म्हणून येतो.

एका गावात टाकाऊ म्हटलेलं मौल्यवान झालं, दुसऱ्या गावात मौल्यवान होतं त्याचा भंगार चुरा झाला. दगड दोन्हीकडे तोच, किंमत आपण ठरवली. आपण ठरवतो म्हणूनच, ती किंमत वेचणाऱ्या हातापर्यंत पोचते का, हे विचारणंही आपलंच काम आहे.

आपल्या बॅचमध्ये कुणी मोटारींच्या धंद्यात आहे, कुणी रंगांच्या, कुणाचं ब्यूटी पार्लर आहे. तुमच्या पुरवठादाराला एकदा विचारा, यातला अभ्रक कुठून आला? विचारणारे वाढले की उत्तर द्यावं लागतं. 2017 पासून काही कंपन्या आणि संस्था 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' या नावाने एकत्र येऊन हीच साखळी तपासू लागल्या आहेत. एकदम बहिष्कार मात्र नको. त्याने त्या घरातली चूलच विझेल. वेचणाऱ्या मोठ्यांना रास्त भाव आणि मुलांना शाळा, एवढं मागायचं.

शाळा म्हणजे काय मिळतं, हे या सभागृहात बसलेल्या कुणालाच समजावून सांगायला नको. ते त्या मुलांनाही मिळावं, एवढंच म्हणते आणि थांबते.