अंबानगरीत आपलं स्वागत

सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, गावोगावचे त्वचारोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ, आणि लेकरांना जपत इथवर आलेले आईबाप,

मुलांच्या जनुकीय त्वचारोगांवरच्या या परिषदेसाठी अमरावतीत आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत. १८९७ साली या गावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. त्याच गावात त्याच पदावर उभं राहताना ऊर भरून येतो. गाडगेबाबांची समाधी इथली. भाऊसाहेब देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था इथली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी कसरती दाखवून आलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही इथलंच.

पण आज मला बोलायचं आहे ते डॉ. शिवाजीराव पटवर्धनांविषयी, आमच्या दाजीसाहेबांविषयी. नव्या पिढीला त्यांचं नाव सांगावं लागतं, याची मला फार खंत आहे. होमिओपॅथीचे डॉक्टर, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते. १९४६ साली त्यांनी तपोवन उभं केलं. घरच्यांनी टाकलेल्या कुष्ठरुग्णांना तिथं नुसती मलमपट्टी मिळाली नाही, हाताला काम मिळालं. त्या हातांनी घडवलेल्या वस्तू घरात घ्यायला हे गाव हळूहळू शिकलं. दाजीसाहेबांना पद्मश्री मिळाली. माझ्या लेखी गावाचं हे शिकणं त्याहून मोठं.

कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि औषधानं बरा होतो. तुमच्या परिषदेतले आजार जनुकांतून येतात, कुणाला लागत नाहीत. तरी त्या मुलांच्या शेजारी बाकावर बसायला पोरं कचरतात, आणि दोष येतो आईच्या माथी, ग्रहण पाळलं नाही म्हणून! तयारीच्या बैठकीला एपिडर्मोलायसिस बुलोसा असलेल्या बाळाची आई आली होती. बाळाचं झबलं उलटं घातलेलं, शिवण बाहेर. शिवण घासली तरी फोड येतो, म्हणाली. त्या झबल्यानं आम्हा सगळ्यांना कामाला लावलं.

स्वयंसेवकांना बजावलं आहे: मुलाच्या अंगाला बिल्ला चिकटवायचा नाही, बगलेत हात घालून कुणाला उचलायचं नाही. इक्थिओसिसच्या, म्हणजे कातडी कोरडी, खवल्यांसारखी होण्याच्या आजाराच्या, कित्येक मुलांना घाम नीट येत नाही आणि आमचा उन्हाळा ४५ अंशांना भिडतो, म्हणून तारखा थंडीतल्या धरल्या. थंडीत त्यांची कातडी जास्त फुटते, हे डॉक्टरांनी नंतर लक्षात आणून दिलं. विश्रांतीच्या खोलीत पेट्रोलियम जेली आणि कोमट पाणी ठेवलं आहे. दुपारच्या उन्हासाठी पंखे आहेत.

उणिवा राहिल्या आहेत. काही पाहुण्यांची सोय सभागृहापासून दूर झाली, त्यांची हात जोडून क्षमा मागतो. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत दोन मिनिटं सांभाळून घ्यावं. कापड बाजारातल्या व्यापाऱ्यांनी जुन्या धोतरासारखं मऊ मलमल ताग्यांनी दिलं, मांडववाल्यांनी भाडं घेतलं नाही, औषध विक्रेत्यांनी न चिकटणाऱ्या पट्ट्या पुरवल्या, महिला मंडळाच्या भगिनी पहाटेपासून स्वयंपाकघरात आहेत. नावं घेतलेली त्यांना चालणार नाहीत, पण हे गाव त्यांचं ऋणी आहे. ज्या मुलांच्या तोंडात फोड आहेत त्यांच्यासाठी बिनतिखटाची, गार केलेली आसट खिचडी वेगळी ठेवली आहे. ती डावीकडच्या दारापाशी मिळेल, रांगेत उभं राहू नये.

उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.