आधी कोण? स्विचमधल्या रांगेची गोष्ट



लखनौचं नाव निघालं की 'पहले आप'चा किस्सा येतोच. दोन नवाब एकमेकांना आधी चढायचा आग्रह करत राहतात आणि गाडी सुटते. मी ज्या नेटवर्क स्विचवर काम करतो, तिथे याच्या अगदी उलट असतं. प्रत्येक पॅकेटला आधी जायचं असतं आणि बाहेर पडायचं दार एकच असतं. मग आधी कोण, हे स्विच कसा ठरवतो?

उदाहरण इथलंच घेऊ. लखनौच्या एसजीपीजीआय रुग्णालयाने टेलिमेडिसिनचं काम फार लवकर सुरू केलं आणि इस्रोच्या उपग्रहामार्फत ओडिशातली वैद्यकीय महाविद्यालयं जोडून घेतली. आता अशी कुठलीही दोन रुग्णालयं डोळ्यांसमोर आणा. मध्ये १० मेगाबिटची लाइन आहे. इकडचे तज्ज्ञ तिकडच्या डॉक्टरांशी बोलत आहेत. आवाजाचं पॅकेट छोटं, साधारण २०० बाइटचं, दर २० मिलिसेकंदांनी एक. तेवढ्यात कुणीतरी ५०० मेगाबाइटचा सीटी स्कॅन पाठवायला घेतो. त्याची पॅकेटं १५०० बाइटची. या लाइनवर असं एक पॅकेट जायला १.२ मिलिसेकंद लागतात. आवाजाच्या पुढे अशी २०० उभी असली, तर २४० मिलिसेकंद गेले. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज वाटतं. त्यापुढे माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. तज्ज्ञांनी म्हटलेलं 'थांबा' उशिरा पोचतं.

पहिला उपाय म्हणजे वेगळ्या रांगा. ईथरनेटच्या व्हीलॅन टॅगमध्ये प्राधान्यासाठी ३ बिट असतात, म्हणजे ८ पातळ्या. आवाजाला वरची पातळी दिली आणि 'वरची रांग रिकामी होईपर्यंत खालचीकडे बघायचं नाही' असा कडक नियम लावला, तर आवाजाला फार तर अर्धवट गेलेल्या एका मोठ्या पॅकेटपुरतं थांबावं लागतं.

पण वरच्या रांगेत उद्या व्हिडिओ आला, परवा आणखी काही आलं, तर खालच्या रांगेची पाळीच येत नाही. आमच्या धंद्यात याला उपासमारच म्हणतात. तो स्कॅनही कुणाच्या तरी मेंदूचा असतो.

मग पाळीपाळीने एकेक पॅकेट सोडायचं? तेही न्याय्य नाही, कारण मोठ्या पॅकेटवाल्याला दर पाळीला जास्त मिळतं. यावर १९९५ मध्ये एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी सोपा हिशेब मांडला. यातले वर्गीस आपल्या पवईच्या आयआयटीचे. पद्धतीचं नाव डेफिसिट राउंड रॉबिन.

प्रत्येक रांगेचं एक खातं असतं. दर पाळीला खात्यात, समजा, ५०० बाइट जमा होतात. शिल्लक पुरेल तेवढी पॅकेटं सोडायची, उरलेलं पुढच्या पाळीला. १५०० बाइटवाल्याला दोन पाळ्या थांबून तिसऱ्या पाळीला एक पॅकेट सोडता येतं. २०० बाइटवाला तेवढ्यात २, ३ आणि २ अशी सात सोडतो, म्हणजे १४०० बाइट, आणि १०० शिल्लक. दोघांचा वाटा सारखाच. रांग रिकामी झाली की शिल्लक शून्य. साठा करता येत नाही. एखाद्याला दुप्पट वाटा हवा असेल, तर त्याच्या खात्यात दर पाळीला दुप्पट जमा करायचं.

मी स्विच लावतो तेव्हा दोन्ही पद्धती एकत्र वापरतो. आवाजाला कडक प्राधान्य, पण वापराची मर्यादा घालून. बाकी सगळे खात्यावर. आणि पॅकेटवरचा 'तातडीचं' हा शिक्का कुणाचा ग्राह्य धरायचा, हे कडेच्या स्विचवरच ठरवतो. प्रत्येक संगणकाचा शिक्का मानला, तर प्रत्येक गाडीवर लाल दिवा दिसेल.

एक लक्षात ठेवा, प्राधान्याने लाइन रुंद होत नाही. एकाला पुढे काढलं की दुसरा तेवढाच मागे जातो. म्हणून तुमच्या रुग्णालयात, शाळेत, कचेरीत नेटवर्क बसवणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा. गर्दी झाली की आधी कोण जातं? आणि जो थांबतो, त्याची पाळी नक्की येते ना?