पाच लाखांचे संरक्षण आणि राखीव खाटा
(न्यासाच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



गेल्या वर्षभरात काही देणगीदारांनी मला एकच प्रश्न विचारला. राज्यातील प्रत्येक कुटुंबाला शासनाने ५ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण दिले असताना धर्मादाय रुग्णालयास देणगी देण्याचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रात मला गती नाही, हिशेब मात्र कळतो. तेव्हा उत्तरही हिशेबाच्याच वाटेने देतो.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत आपला जिल्हा नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली, तेव्हा आपल्याकडे आली. प्रतिवर्षी प्रतिकुटुंब दीड लाख रुपयांची मर्यादा, ठरावीक उपचारांची यादी आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका, असे तिचे स्वरूप होते. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्व कुटुंबांसाठी खुली करून मर्यादा ५ लाखांवर नेली आणि १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ही प्रगती लहान नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

तथापि योजनेच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आपल्यावर एक कायदेशीर दायित्व आहे. पूर्वीचा मुंबई, आताचा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यातील कलम ४१ कक. धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्यात, असे त्याचे सार आहे. हे कलम बराच काळ कागदावरच राहिले. २००४ च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी आदेश देऊन त्यास सविस्तर योजनेचे रूप दिले, तेव्हा कुठे त्यास हातपाय फुटले. प्रत्येक रुग्णालयाने एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त जमा करावी, तातडीच्या रुग्णास तत्काळ दाखल करून घ्यावे आणि अशा रुग्णांकडून अनामत रक्कम मागू नये, असे त्या आदेशात स्पष्ट म्हटले आहे.

त्या आदेशाची प्रत माझ्या कपाटात होती. तरीही जे घडले ते आज आपल्यापुढे ठेवणे मला आवश्यक वाटते.

२०१४ सालच्या एका शनिवारी संध्याकाळी कन्नड तालुक्यातील एक शेतकरी आतडे फुटलेल्या अवस्थेत आपल्याकडे आला. शिधापत्रिका पांढरी होती, कारण तीन भावांचे एकत्र कुटुंब कागदोपत्री अद्याप एकच होते. प्रत्यक्षात चुली केव्हाच वेगळ्या झाल्या होत्या आणि याच्या वाट्यास जेमतेम दीड एकर कोरडवाहू जमीन आली होती. पांढऱ्या पत्रिकेमुळे योजना लागू होईना. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ नव्हता, कार्यालय सोमवारी उघडणार होते. शस्त्रक्रिया थांबली नाही. डॉक्टरांनी ती रात्रीच केली. परंतु हिशेबाच्या खिडकीवरून मी अनामत रकमेचा आग्रह धरला. रविवारी त्या माउलीने गळ्यातील पोत मोडली. पुढे दाखला आला, सवलत मंजूर झाली आणि रक्कम परतही दिली. पोत मात्र सराफाकडून परत येण्याची वेळ निघून गेली होती. नियमांवर बोट ठेवून ही चूक मी केली, आणि त्याच नियमांतील दुसरे कलम मला ती करण्यास मनाई करीत होते.

पुढे मराठवाड्यासह चौदा जिल्ह्यांतील पांढरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबे योजनेत घेतली गेली. म्हणजे शासनालाही ती उणीव जाणवली. परंतु अशी उणीव दूर होईपर्यंतच्या काळात जो रुग्ण दाराशी येतो, त्याने काय करावे?

यासाठी योजना आणि कायदा यांतील भेद समजून घेतला पाहिजे. योजना शासन निर्णयाने येते. तिची यादी, दर आणि पात्रता शासन निर्णयानेच बदलते. आमच्या भाषेत सांगायचे तर ती तरतूद आहे. कायदा हे देणे आहे, आणि देणेकऱ्याला ते नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या शेतमजूर संघटनेच्या खटल्यात तातडीचे उपचार नाकारणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा भंग ठरविला. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदाच केला. तेथील डॉक्टरांनी त्यास तीव्र विरोध केला, तोही सर्वस्वी अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. बिल कोणी व केव्हा द्यायचे, हा प्रश्न आमच्यासारख्यांना रोज छळतो. आपल्या राज्यात जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी रुग्णहक्कांचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावण्याची सक्ती आली.

आता देणगीदारांच्या प्रश्नाकडे येतो. सोयीसाठी १०० खाटांचे आणि वर्षाला १० कोटींची बिले करणारे रुग्णालय धरू. दोन टक्के म्हणजे २० लाख. दहा विनामूल्य खाटा वर्षभर भरलेल्या राहिल्या तर ३,६५० दिवस होतात. प्रत्येक दिवसास सुमारे ५४८ रुपये आले. त्यातून औषधे, तपासण्या आणि साहित्य भागवायचे, शिवाय सवलतीच्या दहा खाटांचा भार वेगळाच. अतिदक्षता विभागातील एका दिवसाची औषधेही यात बसत नाहीत. योजनेच्या यादीत नसलेला आजार, यादीत असूनही दाव्यात अडकलेले प्रकरण, हे सर्व शेवटी या निधीवर येते. आपली देणगी तेथे जाते.

उत्पन्नमर्यादेचेही तेच. २००६ मध्ये निर्धन रुग्णासाठी वार्षिक २५ हजारांची मर्यादा होती, म्हणजे दिवसाला ६८ रुपये. वर्षभर रोज सत्तर रुपये मिळविणारा मजूर कागदावर निर्धन उरत नव्हता! आज ही मर्यादा १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. परंतु महागाई दरवर्षी वाढते आणि मर्यादा कधीतरी.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी एका निवेदनाचा मसुदा ठेवीत आहे. ते सह धर्मादाय आयुक्त आणि राज्याचा आरोग्य विभाग या दोहोंकडे जावे. उत्पन्नमर्यादा महागाईच्या निर्देशांकाशी जोडावी. तातडीच्या रुग्णाचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरून कागदपत्रांसाठी त्यास दाखल झाल्यानंतरची मुदत द्यावी. योजनेत उपचार नाकारला गेल्यास त्याचे कारण लेखी द्यावे आणि त्याच क्षणी राखीव खाटेसाठी त्याचा विचार व्हावा. रुग्णालयांनीच अशी मागणी करणे काहींना विचित्र वाटेल. पण रुग्ण आजारपणात शासनाशी भांडू शकत नाही आणि बरा झाल्यावर त्याला शेत असते.

दुसरा भाग आपल्या हातातला आहे. राखीव खाटांची रोजची स्थिती दाखविणारा फलक आता लेखा विभागाच्या बोळातून काढून मुख्य प्रवेशद्वारी, मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषांत लावला आहे. रात्रपाळीस व सुटीच्या दिवशी वैद्यकीय समाजसेवक असावा, यासाठी एका पदाची मंजुरी मी मागत आहे. आरोग्यमित्र योजनेचे काम पाहतात; योजनेबाहेर राहिलेल्यांसाठी हे पद हवे. नातेवाइकांनी नोंद घ्यावी की योजनेची माहिती व तक्रार १५५३८८ या क्रमांकावर विनाशुल्क देता येते, आणि खाट नाकारली गेल्यास थेट माझ्या खोलीत यावे. दार उघडे असते.

निवेदनाचा मसुदा आणि निधीचा खर्च बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. रुग्णांच्या कुटुंबीयांनी तो वाचून राहिलेल्या गोष्टी समासात लिहाव्यात. विश्वस्तांच्या पुढील बैठकीत मी त्या तशाच वाचून दाखवीन.